जुन्या ट्रॅक्टरचे टॅपेट सेटिंग: चिखलणीच्या आधी करून घ्या

फुलपाड्याच्या आसपास आणि विरार पूर्वेच्या पट्ट्यात दमट, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असतो. अशा हवेत वर्षानुवर्षे उभा राहिलेला ट्रॅक्टर घाईने चालू करू नका. २१ ते २५ दिवसांची रोपे तयार असताना इंजिन बसले तर चिखलणी लांबते, रोप जून होते आणि फुटवे कमी येतात. म्हणून हे काम मे महिन्यातच उरकावे.

उदाहरण म्हणून महिंद्राचा बी-२७५ घ्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत १९६३ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा हा ट्रॅक्टर. इंजिन चार सिलिंडरचे, पुशरॉड आणि रॉकरचे.

व्हॉल्व्हची दांडी आणि रॉकर यांच्यात थोडी फट लागते, कारण तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. फट जास्त झाली तर टकटक आवाज येतो आणि व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही. फट कमी झाली तर आवाज येत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. सीट झिजत जाते तशी फट आपोआप कमी होते. त्यामुळे ‘आवाज नाही म्हणजे टॅपेट ठीक’ हे गॅरेजमधले मत मला पटत नाही.

बॅटरीची केबल काढा, स्टॉप नॉब ओढून ठेवा, टॅपेट कव्हर उघडा. व्हॉल्व्हच्या दांड्यांवर पातळ तेल सोडून एक रात्र थांबा. दुसऱ्या दिवशी नोझल काढून इंजिन हाताने फिरवा आणि आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतात का ते पाहा. एखादा अडकला असेल तर जोर लावू नका, पुशरॉड वाकेल. हेड उघडले असेल तर त्याचे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि ताणाने आधी आवळा. ते नंतर आवळले तर फट बदलते.

आता चौथ्या सिलिंडरकडे पाहत इंजिन चालण्याच्या दिशेने हळू फिरवा. एक्झॉस्ट बंद होत असताना इनलेट उघडू लागला, म्हणजे दोन्ही रॉकर एकदम हलले, की थांबा. या वेळी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनला असतो. त्याचे दोन्ही टॅपेट सेट करा. पहिल्याचे रॉकर हलले की चौथा, दुसऱ्याचे हलले की तिसरा, तिसऱ्याचे हलले की दुसरा.

फिलर गेजची पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर पट्टी त्यावरून पुलासारखी जाते आणि माप कमी दाखवते. तसा रॉकर घासून किंवा बदलून घ्या.

फटीचा आकडा मात्र शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून घेऊ नका. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहा, आणि तो गरम इंजिनाचा आहे की थंड, हेही वाचा. इनलेट आणि एक्झॉस्टचे माप वेगळेही असू शकते.

कव्हर लावताना गॅस्केट नवे घाला. शेडमध्ये काही तास चालवून झाल्यावर टॅपेट पुन्हा एकदा तपासा, मगच ट्रॅक्टर खाचरात उतरवा.