जुन्या गाडीचा अल्टरनेटर घरच्या घरी

गुडगावच्या कारखान्यातून १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० बाहेर पडली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तरी एम. एच. १८ आणि एम. एच. १९ च्या पाट्या लावलेल्या या जुन्या गाड्या धुळे-जळगावकडे अजून दिसतात. वस्तीतली अशी एक गाडी म्हणजे अख्ख्या गल्लीचा आधार. अपरात्री बाळंतिणीला सिव्हिल हॉस्पिटलात न्यायचे असले की हाक तिच्याच मालकाला जाते. म्हणून गाडीचा अल्टरनेटर नीट असणे ही एकट्या मालकाची बाब राहत नाही.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे छोटे वीजघर. बॅटरीचे मुख्य काम गाडी सुरू करून देणे. पुढे दिवे, प्लगची ठिणगी, पंखा हे सारे अल्टरनेटरच्या विजेवर चालते आणि बॅटरीही तोच भरतो. पूर्वीच्या फियाट, अँबॅसिडरला डायनामो असे, म्हणून मिस्त्री लोक यालाही डायनामोच म्हणतात. फिरत्या चुंबकातून वीज निर्माण होण्याचे हे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधले. ते लोहाराचे पुत्र होते आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता शिकले होते.

आता थोडा हिशेब करू. पुढचे दोन दिवे मिळून साधारण १० अँपिअर वीज घेतात. मारुतीची बॅटरी सुमारे ३५ अँपिअर-तासांची. कागदावर साडेतीन तास निघतात. पण बॅटरी जुनी असते, वर पंखा आणि प्लगचा खर्च वेगळा. जळगाव ते धुळे सुमारे ९० किलोमीटर. अल्टरनेटर बंद असताना रात्री निघालेली गाडी पारोळ्याच्या आसपास अंधारात उभी राहू शकते, आणि मागून ट्रक येत असतात.

आधी दोष ओळखा

आमच्या मंडळाची गाडी सकाळी सुरू होईना, तेव्हा एका गॅरेजात बॅटरी गेली असे सांगण्यात आले. वर्गणीतून नवी बॅटरी घातली. आठ दिवसांत तीही उतरली. दोष बॅटरीत नव्हताच. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी साधे मीटर लावून पाहावे. गाडी बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी. गाडी सुरू करून दिवे लावल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसले पाहिजेत. तेराच्या खाली राहिले तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीचे पाणी आटणार.

मात्र लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नये. पट्टा सैल किंवा चिरलेला आहे का, बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर चढला आहे का, फ्यूज ठीक आहे का, हे पाहावे. खानदेशच्या उन्हाळ्यात पट्टा आणि बॅटरी दोन्ही लवकर थकतात. कधी नुसते कार्बन ब्रश झिजलेले असतात आणि तेवढे बदलून काम भागते.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघण्याची’ रीत डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरमध्ये त्याने व्होल्टेज एकदम उसळते आणि आतले डायोड जळू शकतात.

बदलण्याची रीत

गाडी थंड होऊ द्यावी. हँडब्रेक ओढावा. अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे. प्रथम बॅटरीचे वजा टोक सोडावे. अल्टरनेटरच्या जाड वायरीत बॅटरीची वीज कायम असते, पाना धातूला टेकला तर ठिणगी उडते. वायरींना रंगीत दोरे बांधून खुणा कराव्यात. मग ताणाचा बोल्ट आणि खालचा बिजागरीचा बोल्ट सैल करून अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलावा, पट्टा काढावा आणि बोल्ट काढताना यंत्राला खालून हात द्यावा.

जुना नग दुकानात सोबत न्यावा. पुली, बोल्टची भोके, वायरीचा प्लग आणि अँपिअर जुळवूनच नवा घ्यावा. बसवताना पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर आठ-दहा मिलिमीटर दबला पाहिजे. याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. फार आवळला तर बेअरिंग जातात, सैल राहिला तर घसरतो आणि इंजिन तापते. वजा टोक सर्वांत शेवटी जोडावे. गाडी सुरू होताच बॅटरीचा लाल दिवा विझला पाहिजे. मग पुन्हा मीटर लावून खात्री करावी.

आमच्याकडे हे काम रविवारी अंगणात झाले. बॅटरी धरायला आलेल्या दहावीतल्या मुलीने पट्ट्याचा ताण स्वतः तपासला आणि मीटरवरचा आकडा वाचून दाखवला. वाचकहो, १०, १२ आणि १४ नंबरचे पाने, एक मीटर आणि एक जादा पट्टा एवढे सामान गल्लीत सामाईक ठेवावे, आणि ते वापरायला मुलांबरोबर मुलींनाही शिकवावे. दवाखान्याची हाक येईल तेव्हा मिस्त्रीचे दुकान बंद असेल.