विश्लेषण : कुत्र्याच्या हृदयात जंत कसे पोहोचतात? ‘हार्टवर्म’चे निदान आणि उपचार इतके वेळखाऊ का?

कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसली की मालकाची धावपळ सुरू होते. डास चावला तर कुणी फारसे मनावर घेत नाही. ‘हार्टवर्म’ हा आजार मात्र डासांमुळेच होतो. त्यात शेवयांसारखे जंत कुत्र्याच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूला वाढतात. मादी जंत ३० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढा लांब होतो आणि ५ ते ७ वर्षे जगतो.

अमेरिकेत, विशेषतः मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात, हा आजार सर्रास आढळतो. भारतात आसाम, मिझोरामसह ईशान्येकडे त्याच्या नोंदी आहेत. तिकडून बदली होऊन कुत्र्यासह महाराष्ट्रात परतणाऱ्यांनी किंवा अमेरिकेत कुत्रा पाळणाऱ्या मराठी कुटुंबांनी तो माहीत करून घ्यायला हवा.

‘निगेटिव्ह’ रिपोर्ट म्हणजे सुटलो का?

नाही. बाधित कुत्र्याच्या रक्तातून डासाच्या पोटात सूक्ष्म अळ्या जातात. उबदार हवेत दोन आठवड्यांत त्या पुढच्या कुत्र्याला बाधा करण्याइतक्या वाढतात. डास चावल्यानंतर कुत्र्याच्या शरीरात त्यांचे पूर्ण वाढलेले जंत व्हायला सुमारे ६ महिने लागतात. दवाखान्यातली अँटिजेन किट प्रामुख्याने प्रौढ मादीचे अंश पकडते. म्हणजे जूनमध्ये बाधा झाली आणि ऑगस्टमध्ये तपासणी केली, तर रिपोर्ट निगेटिव्हच येणार. म्हणूनच ६ महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते.

त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या अळ्याही शोधल्या जातात. इथे आणखी एक गोची आहे. केरळसह दक्षिणेत कुत्र्यांत आढळणारा ‘डायरोफिलेरिया रेपेन्स’ हा जंत हृदयात नव्हे, तर त्वचेखाली राहतो. (माणसाच्या डोळ्यातून असा जंत काढल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तो बहुतेक वेळा हाच.) त्याच्याही अळ्या रक्तात वळवळताना दिसतात. तेव्हा अळी दिसली म्हणजे हार्टवर्मच, असे नाही. ती कोणत्या जातीची हे ठरवल्याशिवाय उपचार सुरू करणे घाईचे ठरते. सततचा खोकला, थोडे चालल्यावर धाप, वजन घटणे ही लक्षणे उशिरा दिसतात. हृदय आणि फुप्फुसाचे किती नुकसान झाले, हे एक्स-रे आणि इकोमधून कळते.

जंत एकदम मारून का टाकत नाहीत?

कारण मेलेला जंतच घात करतो. त्याचे तुकडे रक्ताबरोबर वाहत फुप्फुसात अडकतात. म्हणून अमेरिकन हार्टवर्म सोसायटीच्या पद्धतीत आधी ४ आठवडे डॉक्सिसायक्लिन दिले जाते. जंताच्या शरीरात राहणारे ‘वोल्बाकिया’ जिवाणू त्याने मरतात आणि जंत दुबळा होतो. सोबत प्रतिबंधक औषध सुरू होते. आर्सेनिकयुक्त मेलार्सोमाइनचे पहिले इंजेक्शन दोन महिन्यांनी, दुसरे त्यानंतर महिन्याने आणि तिसरे लगेच दुसऱ्या दिवशी. सुरुवातीचे दोन महिने वाया जात नाहीत: प्रतिबंधक औषधाला दाद न देणारे, पण इंजेक्शनसाठी कोवळे असलेले जंत या काळात मोठे होतात आणि माऱ्यात येतात.

या सगळ्या काळात आणि शेवटच्या इंजेक्शननंतर ६ ते ८ आठवडे कुत्र्याला पळू द्यायचे नाही. शू-शीसाठीही साखळीनेच न्यायचे. औषधापेक्षा हेच अवघड. इंजेक्शननंतर कुत्रा टवटवीत दिसतो, मालक चेंडू फेकतो आणि नेमका तेव्हाच धोका वाढतो.

भारतात मेलार्सोमाइन सहज मिळत नाही. अशा वेळी डॉक्सिसायक्लिन आणि मॉक्सिडेक्टिन यांचा पर्याय वापरला जातो. त्यात जंत हळूहळू मरतात. वर्षभर किंवा जास्तही लागू शकते आणि तोवर फुप्फुसाची हानी सुरूच राहते.

गोळी स्वतःच सुरू करावी का?

अजिबात नाही. महिन्याला एकदा द्यायची गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारतात. पण रक्तात आधीच भरपूर सूक्ष्म अळ्या असतील, तर त्या एकदम मरून कुत्रा शॉकमध्ये जाऊ शकतो. म्हणून आधी तपासणी, मग औषध.

गोचिडींसाठी मेडिकलमधून आयव्हरमेक्टिन आणून अंदाजाने देणारे मालकही कमी नाहीत. हार्टवर्म रोखण्याचा डोस किलोमागे ६ मायक्रोग्रॅम असतो. खरजेसाठी तोच ३०० किंवा अधिक असतो, म्हणजे किमान ५० पट. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना जनुकीय दोषामुळे हा मोठा डोस सोसत नाही.

एखाद्या महिन्याची गोळी चुकली, तर पशुवैद्यांना सांगून पुन्हा सुरू करावी आणि ६ महिन्यांनी रक्त तपासून घ्यावे.