खेळण्यातला कॅमेरा आणि प्रथमपुरुषी निवेदन

बाजाराने नाकारलेल्या वस्तूचा विचार आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक सहसा करीत नाही. मागणी नाही म्हटले की विषय संपतो. परंतु फिशर-प्राइस या अमेरिकन खेळणी-कंपनीने १९८७ साली विक्रीस आणलेल्या 'पीएक्सएल-२०००' या कॅमेऱ्याचा अपवाद करावयास हवा. गाण्यांच्या साध्या कॅसेटवर तो कृष्णधवल चित्र टिपत असे. फीत एवढ्या वेगाने पळे की नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम दहा-अकरा मिनिटांचे चित्रण मावे, आणि तेही दाणेदार, धूसर. थोड्याच काळात त्याचे उत्पादन थांबले.

यातला एक कॅमेरा मिलवॉकी शहरात वाढलेल्या सेडी बेनिंग यांना पंधराव्या वर्षी नाताळची भेट म्हणून मिळाला. वडील जेम्स बेनिंग हे प्रयोगशील चित्रपटकार; त्यामुळे खऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्याची आशा होती, आणि प्रथम हिरमोडच झाला. शाळेतील समलिंगीद्वेषामुळे सोळाव्या वर्षी शिक्षण सुटले. 'मी अँड रूबीफ्रूट' (१९८९), 'इफ एव्हरी गर्ल हॅड अ डायरी' (१९९०) या लघु व्हिडिओकृती स्वतःच्या खोलीत, स्वतःवरच कॅमेरा रोखून घडल्या. या कॅमेऱ्याचे भिंग अगदी जवळचेही टिपू शके. म्हणून पडद्यावर कधी नुसता डोळा दिसतो, कधी ओठ, कधी हाताने लिहिलेली अक्षरे. एक लेस्बियन मुलगी हलक्या आवाजात, कोणाची परवानगी न मागता, आपल्याविषयी बोलत असते.

चित्रपटास भांडवल लागते. भांडवल देणारा आला की त्याचा संकोच येतो, मागोमाग वितरकाचा येतो. येथे ती साखळीच नव्हती. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या १९८१ च्या नाटकाची या संदर्भात आठवण होते. त्या काळी असा विषय रंगभूमीवर आणणे हे धाडसच होते, आणि रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा समर्थपणे उभी केली. परंतु ती गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र. मित्रा स्वतः ती सांगावयास उरत नाही.

ही निव्वळ आत्ममग्न रोजनिशी आहे, कला नव्हे, असा आक्षेप घेता येईल. प्रस्तुत लेखकास तो पटत नाही. 'इट वॉझन्ट लव्ह' (१९९२) मध्ये बेनिंग हॉलिवूडच्या ठरीव पुरुषी आणि बायकी सोंगांचा मनसोक्त खेळ मांडतात. त्यातील हॉलिवूडकडे निघालेली प्रेमयात्रा मात्र तळलेल्या कोंबडीच्या दुकानाबाहेरील मोटारतळावरच संपते. आपली प्रतिमा कोणाच्या उसन्या कपड्यांत वाढली, हे एवढ्या मिस्किलपणे क्वचितच कोणी दाखविले असेल! १९९३ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात या कामास स्थान मिळाले, तेव्हा वय होते अवघे वीस.

आज त्याहून कैक पटींनी सरस कॅमेरा आपल्याकडील महाविद्यालयीन मुलींच्या मोबाइलमध्ये आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. २०२३ साली त्यांच्या विवाहास मान्यता देण्यास मात्र नकार दिला. कायद्याचा हिशेब असा अर्धामुर्धा चुकता झाला आहे. साधन स्वस्त झाले, पण बेनिंग यांना लाभली तशी स्वतःची खोली यांपैकी कितीजणींना आहे? दोन खोल्यांच्या घरात अभ्यास स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होतो, आणि मुलीचा मोबाइल धाकटा भाऊदेखील न विचारता उघडून पाहतो.