गाडी कुठली? मिस्त्री जिथला, तिथली!

बीड शहरातून प्रवासी रेल्वे सुरू झाली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. परळीकरांना रुळांचं अप्रूप नव्हतं. बाकीच्या बहुतेक जिल्ह्याचा संसार मात्र तोवर रबरी चाकांवरच चालला. कापूस त्यावर, वऱ्हाड त्यावर, कॉलेजची पोरं त्यावर. आणि दसरा झाला की कारखान्याच्या वाटेला लागलेले ऊसतोड कामगारही त्यावरच, चुलीच्या दगडांपासून शेळीच्या पिलापर्यंत सगळं घेऊन. म्हणून 'कोणती गाडी टिकते' हा वाद इथं चहाच्या टपरीवर निवडणुकीइतक्याच तावातावाने होतो. एका बाकड्यावर 'आपलं देशी ते लोखंड' म्हणणारे, दुसऱ्या बाकड्यावर 'जपानी इंजिन म्हणजे विषय संपला' म्हणणारे. दोन्ही बाकड्यांना जरा धक्का देऊ.

टाटाच्या नाकावर तारा

'देशी म्हणजे टाटाचा ट्रक' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी जुने फोटो काढून बघावेत. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार केला आणि पुढची पंधरा वर्षं आपल्या घाटांतून धावणाऱ्या या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. १९६९ ला करार संपला, तारा उतरला, टाटाचं 'टी' आलं. आतलं लोखंड काही एका रात्रीत देश बदलत नाही.

ट्रकच्या नावातले आकडेही त्याच जर्मन वळणाचे. सोळा-तेरा म्हणजे भरल्या गाडीचं वजन साधारण १६ टन आणि ताकद १३० हॉर्सपॉवर. पंचवीस-अठरा म्हणजे २५ टन आणि १८०. ट्रक ड्रायव्हरला हे कुणी शिकवावं लागत नाही, तो लग्नाच्या स्थळाचीसुद्धा अशीच कुंडली मांडतो.

आणि 'छोटा हत्ती'? २००५ मध्ये आलेला टाटा एस. त्याचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं. इंडिका कारचं डिझेल इंजिन चार सिलिंडरचं, १४०५ सीसीचं. भाकरी मोडावी तसं इंडिकाचं इंजिन अर्धं केलं, आणि त्या अर्ध्या भाकरीवर कोथिंबिरीपासून मंडपाच्या खांबांपर्यंत सगळं वाहून झालं. हे मात्र अस्सल आपल्याकडचं डोकं. त्याला सलाम.

शब्दच विदेशी, गाडीचं काय घेऊन बसलात

आपण 'टेम्पो आणा' म्हणतो, तो टेम्पो म्हणजे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ पासून फिरोदियांच्या बजाज टेम्पोने त्या गाड्या इथे बनवायला घेतल्या. लांब नाकाडाची तीनचाकी आली, तिला कित्येक गावांनी 'डुक्कर' असं प्रेमाचं नाव ठेवलं. मग मेटाडोर आली. कंपनीने २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण मराठीतला 'टेम्पो' काही गेला नाही. 'जीप' अमेरिकेची. 'जेसीबी' तर इंग्लंडच्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाची आद्याक्षरं. पुढाऱ्यावर जेसीबीच्या खोऱ्यातून फुलं उधळली जातील, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

आता काळीपिवळी घ्या. चौसाळ्याच्या नाहीतर गेवराईच्या स्टँडबाहेर उभी असलेली, 'एकच सीट, एकच सीट' ओरडत आणखी पाच जणांना कोंबणारी. ती फोर्सची ट्रॅक्स असेल तर पोटात बहुतेक मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्याचं इंजिन, फोर्सने परवाना घेऊन बनवलेलं. म्हणजे मांडीवर कोंबडी घेऊन बसलेल्या आजीने आयुष्यभर मर्सिडीजच्या इंजिनावर बाजार केला आहे, फक्त तिला कुणी सांगितलं नाही. गंमत पुढे आहे: हीच फोर्स आता मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू यांच्यासाठी भारतात इंजिनं जोडून देते.

काळीपिवळी महिंद्राची असेल तर? महिंद्राने १९४७ पासून अमेरिकन विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे डिझेल इंजिन घेतलं ते फ्रान्सच्या प्यूजोचं. जुने मिस्त्री अजूनही सांगतात, 'प्यूजो हाय, मरत न्हाई.' बोनेट अमेरिकन, इंजिन फ्रेंच, हॉर्न आपला.

लाल डब्याचं गुपित

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, ती बेडफर्ड, म्हणजे इंग्रजी. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि निजामाच्या रेल्वे खात्याने तर १९३२ मध्येच २७ गाड्यांनिशी बससेवा काढली होती. म्हणजे सरकारी बसच्या बाबतीत आम्ही पुणे-नगरच्या सोळा वर्षं पुढे होतो. हे वाक्य कापून पाकिटात ठेवायला हरकत नाही.

पुढे एसटीत टाटा आणि अशोक लेलँड आल्या. त्यातलं 'अशोक' संस्थापकांच्या मुलाचं नाव, 'लेलँड' इंग्लंडमधलं गाव. लाल डबा खडखडतो, खिडकी बंद होत नाही, पण रस्त्यात कायमचा बसला असं क्वचित घडतं. कारण सरळ आहे. दोनच कंपन्यांच्या चेसी, डबा बहुतेक वेळा बांधलेला महामंडळाच्याच दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या कार्यशाळांत, आणि प्रत्येक आगारात तेच इंजिन हजारदा खोललेला माणूस. इथं गाडीच्या गुणापेक्षा त्या माणसाच्या हाताचा गुण मोठा.

एक बारसं, दोन नावं

२०१९ मध्ये टोयोटाने ग्लान्झा काढली. ती मारुतीची बलेनोच, गुजरातेतल्या सुझुकीच्या कारखान्यातली. नाकावरचा बिल्ला वेगळा, वॉरंटी वेगळी. २०२३ मध्ये फिट्टंफाट झाली: टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस मारुतीने 'इन्व्हिक्टो' म्हणून विकायला घेतली. तरी 'टोयोटा ती टोयोटाच' म्हणून ग्लान्झा घेणारे भेटतात आणि 'मारुतीचे पार्ट स्वस्त' म्हणून बलेनो घेणारेही. दोघांच्या गाड्यांत एकाच कारखान्याचं इंजिन.

अमेरिकेत हाच खेळ आधी होऊन गेला. १९८४ ते २०१० या काळात कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा सामाईक कारखाना होता. एकाच पट्ट्यावरून एकच गाडी बाहेर पडायची, एकीवर टोयोटा कोरोलाचा बिल्ला, दुसरीवर जनरल मोटर्सच्या प्रिझमचा. लोकांचा भरवसा बिल्ल्यावर. प्रिझम स्वस्त मिळायची आणि शहाणा माणूस सेकंडहँड बाजारातून मुकाट तीच उचलायचा.

आणि रस्त्यावर मुंग्यांसारख्या दिसणाऱ्या डिझेलच्या स्विफ्ट डिझायर? कंपनी जपानी म्हणा की मारुती म्हणून देशी म्हणा, १.३ लिटरचं ते इंजिन इटलीच्या फियाटचं. तेच टाटाच्या व्हिस्टातही होतं. त्याचा एक कारखाना अष्टविनायकातल्या महागणपतीच्या रांजणगावात. इतक्या कंपन्यांनी ते वापरलं की गाडीवेडे त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. २०२० ला प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला आणि ते बंद झालं.

उलटी गंगाही वाहते. मारुतीने इथं बनवलेली बलेनो २०१६ मध्ये जपानला विकायला पाठवली, अलीकडे फ्रॉन्क्स आणि पाच दारांची जिम्नीही गेली. जपानी माणूस आता भारतात बनलेली गाडी घेतो आणि आपण टपरीवर 'जपानी क्वालिटी'च्या गप्पा मारतो.

धारूरच्या घाटात

एक घरचा अनुभव. केजहून माजलगावला लग्नाला निघालो होतो, भाच्याच्या नव्या कोऱ्या विदेशी गाडीतून. कंपनीचं नाव सांगत नाही, भाचा अजून हप्ते भरतोय. धारूरचा घाट म्हणजे अरुंद आणि वळणावर वळण. तिसऱ्या वळणावर डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि गाडी रांगायला लागली. एक्सलेटर कितीही दाबा, वीसच्या पुढे जाईना.

तेलगावहून मिस्त्री आला मोटरसायकलवर, पाने-पक्कड पोत्यात गुंडाळलेली. बोनेट उघडलं, आत बघितलं, पुन्हा बघितलं.

"मामा, पाना लावू कुठं? समदं प्लास्टिकनं झाकलंय."

"अरे, काहीतरी कर बाबा. मुहूर्त साडेबाराचा आहे."

"ह्याला स्कॅनर लागतंय. आपल्याकडं फकस्त हात हायेत."

तेवढ्यात मागून एक जुनी जीप आली. तिची एक्सलेटरची वायर तुटली होती, ड्रायव्हरने तिथे सुतळी बांधून दुसरं टोक हाताला गुंडाळलं होतं. म्हणजे पाय मोकळा, हाताने सुतळी ओढायची की गाडी पळणार. आमच्या बायका, आहेराची भांडी आणि नवरदेवाची आत्या त्या सुतळीच्या भरवशावर मांडवात वेळेवर पोचली. आम्ही पुरुष मंडळी पंगतीला. शेवटच्या.

दुसऱ्या दिवशी स्कॅनर लावल्यावर कळलं, सेन्सरची वायर उंदराने कुरतडली होती. गाडी विदेशी, उंदीर पक्का देशी. आणि 'बघा, विदेशी गाडीची ही गत' म्हणून टाळी देण्याआधी थांबा: बीएस-६ नंतरच्या देशी गाडीतही तेवढेच सेन्सर आहेत. सुतळीचं युग दोघांसाठी संपलंय.

कंपनीच गेली तर?

टिकाऊपणाचा हा प्रकार शोरूममध्ये कुणी सांगत नाही. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली. टपावर सामान बांधून देवदर्शनाला गेलेल्या टवेरा त्यांच्याच. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन आवरत असल्याचं जाहीर केलं. गाड्या रस्त्यावर राहिल्या, पार्टसाठी धावाधाव मालकांची. इंजिन पाच लाख किलोमीटर चालेल हो, पण हेडलाइटची काच आणायची कुठून?

परत बोलावलेल्या गाड्यांची यादी पाहिली तर तिथे सर्वधर्मसमभाव आहे. जनरल मोटर्सने २०१३ मध्ये १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या, फोक्सवॅगनने २०१५ मध्ये धुराच्या हेराफेरीपायी सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या, मारुतीने २०१० मध्ये लाखभर ए-स्टार.

गाडीलाही युरिया, गाडीलाही ऊस

नव्या मोठ्या डिझेल ट्रकला डिझेलबरोबर आणखी एक टाकी असते, युरियाच्या द्रावणाची. साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. धुरातला विषारी वायू त्याने मारतात. ही टाकी रिकामी झाली की ट्रक कुरकुरतो, ताकद कमी करतो. खताच्या दुकानापुढे युरियासाठी रांग लावलेला शेतकरी आणि पंपावर युरियासाठी थांबलेला ट्रक एकाच रस्त्यावर दिसणं, हे आमच्याकडचं दृश्य. मात्र खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून ओतायची अक्कल कुणी पाजळू नये, सगळी यंत्रणा बसते आणि बिल ट्रॉलीभर येतं.

पेट्रोलमध्ये २०२५ पासून २० टक्के इथेनॉल, आणि त्यातला एक भाग उसाचा. म्हणजे इथल्या माणसाने कोयत्याने तोडलेला ऊस टोयोटाही पिते आणि टाटाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीची, रबरी नळ्यांची जुनी गाडी असेल तर मिस्त्रीला एकदा नळ्या दाखवून घ्या.

मग अस्सल देशी काही आहेच का?

आहे. स्वराज ट्रॅक्टर. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आराखडा झाला, पंजाबात कारखाना निघाला, १९७४ मध्ये ट्रॅक्टर बाजारात आला, परदेशी करार न करता. महिंद्राचा लाल ट्रॅक्टर अमेरिकन इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या घरचा, १९६३ पासूनचा. हिरवा जॉन डिअर अमेरिकन, पण बनतो पुण्याजवळच्या सणसवाडीत. फडावर तिघेही सारखेच राबतात, आणि निकाल लागतो तो रात्री दोनला क्लच प्लेट बसली की. तेव्हा ज्याचा पार्ट तालुक्याला मिळतो आणि ज्याचा मिस्त्री फोन उचलतो, तो जिंकला. माझ्या मते बीडपुरता हाच टिकाऊपणाचा एकमेव तक्ता.

आता त्या ट्रॅक्टरच्या मागे बघा. दोन ट्रॉल्या. त्यांना ना देश, ना कंपनी, ना मॉडेल. वेल्डिंगच्या दुकानात जन्मलेल्या. ऊस इतका बाहेर आलेला असतो की मागे दिवा असलाच तर तो पाचटाखाली झाकतो, आणि मांजरसुंब्याच्या उतारावर रात्री मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते ती काचेला लागल्यावर. ट्रॉलीवाल्या दादांनो, गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी मागच्या फळीला रिफ्लेक्टरची लाल पट्टी मारा, आणि ऊस भरून झाल्यावर खाली उतरून ती दिसते का, तेवढं एकदा बघा.