फंक्शन आहे, तरी लिंकर म्हणतो नाही

कंपायलर प्रत्येक फाइल सुटी सुटी कंपाइल करतो, लिंकर ते तुकडे जोडतो. जोडताना तो पाहतो फक्त नावं, म्हणजे सिम्बॉल. नाव सापडलं नाही की 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून हात वर! बहुतेकदा लायब्ररी द्यायचीच राहिलेली असते. पण कधी लायब्ररी दिलेली असते, फंक्शनही तिच्यात असतं, तरी लिंकर ऐकत नाही.

जीसीसी कंपायलरच्या 'लिंक टाइम ऑप्टिमायझेशन'मध्ये हा घोळ पुष्कळांच्या वाट्याला येतो. सगळा प्रोग्रॅम एकत्र पाहून मगच यंत्रभाषा तयार करायची, ही त्यामागची कल्पना. त्यासाठी ऑब्जेक्ट फाइलमध्ये जीसीसीची 'गिंपल' ही मधली भाषा भरतात. २०१४च्या ४.९ आवृत्तीपासून, लिंकरला प्लगइनची सोय असेल तर, फाइलमध्ये यंत्रभाषा नसतेच. नावं वाचायला कंपायलरचं प्लगइन लागतं. लिंकरला ते जीसीसी स्वतःच पुरवतो.

अडतं त्याआधी. ऑब्जेक्ट फाइली बांधून स्टॅटिक लायब्ररी करणारा 'एआर' तिच्या सुरुवातीला सिम्बॉलची सूची लावतो. कोणती फाइल उचलायची, ते लिंकर या सूचीवरूनच ठरवतो. एआरकडे प्लगइन नसेल तर त्याला एकही नाव दिसत नाही. 'प्लगइन हवं' असं पुटपुटून तो तशीच लायब्ररी बांधून मोकळा होतो. बिल्डच्या ढीगभर ओळींत ते कोण वाचणार? घरात माणूस आहे, पण दारावर पाटी नाही म्हणून पत्र परत जावं, तशी गत. एआरने तिथेच अडून बसायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तीच ऑब्जेक्ट फाइल थेट लिंकरला देऊन पाहा. जोडणी झाली, तर चोर सूचीत. लायब्ररीवर आधी सिम्बॉल दाखवणारा 'एनएम' चालवा, मग 'जीसीसी-एनएम'. पहिला प्लगइन मागत बसतो, दुसरा नावांची यादी छापतो. उपाय म्हणजे एआरऐवजी 'जीसीसी-एआर'. तो प्लगइन घेऊनच येतो. नाहीतर यंत्रभाषाही सोबत ठेवणाऱ्या 'फॅट' ऑब्जेक्ट फाइली करा, कंपाइल मात्र रेंगाळतं. काही मशीनवर प्लगइनची लिंक 'बीएफडी-प्लगइन्स' फोल्डरमध्ये आधीच असते आणि साधा एआरही नीट वागतो. मग "माझ्याकडे तर चालतंय" हा वाद आलाच.

दुसरा प्रकार जास्त बेरकी. सी फाइलमध्ये फंक्शनबाहेर लिहिलेली असेंब्ली कंपायलरच्या लेखी नुसता मजकूर. फक्त तिच्यातूनच बोलावलेलं फंक्शन बिनकामाचं समजून तो उडवतो, आणि लिंकर ते शोधत बसतो. तिथे जीसीसी-एआर काही कामाचा नाही. फंक्शनला 'युज्ड' हे अ‍ॅट्रिब्यूट लावावं लागतं.