खोली का घुमते?

सिहोऱ्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

रेकॉर्डिंग ऐकलं की आमच्यातली एखादी हमखास म्हणते, "बाई, माझा आवाजच खराब. पुढच्या खेपेला दुसरीला बसवा." मग ती खरंच गप्प बसते, आणि बाळंतपण, धानाचा चुकारा, कर्जाचा हप्ता यातलं जिला सगळ्यात जास्त कळतं, नेमकं तिचंच बोलणं राहून जातं. साताऱ्यातल्या म्हसवडला 'मान देशी तरंग' आणि तेलंगणातल्या मचनूरला 'संघम रेडिओ' ही केंद्रं २००८ पासून आहेत. तिथे आपल्यासारख्याच गावच्या बाया बोलतात. त्यांचे गळे काही निराळे नाहीत. तेव्हा गळ्याला दोष देण्याआधी खोलीकडे बघू.

आवाज हवेतून लाटांनी जातो, सेकंदाला साधारण ११३० फूट. "स", "श" यांची लाट दोन-तीन इंचांची. सेकंदाला १०० कंपनं असलेल्या जाड, खर्जातल्या आवाजाची लाट मात्र ११ फुटांची. दंडारीतल्या ढोलाची थाप अशीच लांब लाटांची असते.

आता आपली खोली १० बाय १०. त्यात २० फुटांची लाट दोन भिंतींमध्ये बरोबर अर्धी बसते. ती भिंतीवर आपटून परत येते, स्वतःतच मिसळते आणि फुगते. असा सूर ५६ कंपनांचा, मग त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. बाईच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १६५ ते २५५ कंपनांचा असतो, आणि खोलीचा चौपट सूर पडतो २२६ वर. म्हणजे नेमका आपल्यातच! छतही १० फुटांवर असेल तर तिन्ही बाजूंनी तेच सूर फुगतात. दोन खोल्यांतून निवडायची वेळ आली तर चौरस खोली सोडा, लांबट घ्या.

हे नुसतं कानाला वाईट लागतं एवढंच नाही. जाड आवाज बारीक अक्षरांना झाकतो. गोळ्या सात की साठ, हे ऐकणारीला कळलं नाही तर काय होईल, सांगा.

भिंतीला अंड्यांचे ट्रे लावा, असं पुष्कळजण सांगतात. लावू नका. पातळ फोमवरही गटाचे पैसे घालू नका. इंचभर फोम "स", "श" गिळतो आणि घुमणारं तसंच ठेवतो, त्यामुळे खोली आणखी कोंदट वाटते. ११ फुटांच्या लाटेला इंचभर जाडी म्हणजे काहीच नाही.

जाड आवाज कोपऱ्यांत साचतो, म्हणून जाडी तिथे द्या. कापसाच्या जुन्या गाद्या गुंडाळून चारही कोपऱ्यांत उभ्या करा, फूटभर तरी जाड, जमलं तर छतापर्यंत. तणस आपल्याकडे फुकट मिळते, पण आग, उंदीर आणि वाळवीचं काय करणार? गाद्याच बऱ्या. बोलणारीच्या पाठीमागे दोन-तीन गोधड्या टांगा, भिंतीपासून वीतभर सोडून. त्या फटीमुळे गोधडी थोडी जास्त खालचा आवाज धरते. पाठीमागेच का? तर माइकचं तोंड बोलणारीकडे असतं, आणि तिच्या मागची भिंत त्याला समोर "दिसते".

माइक कोपऱ्यात किंवा खोलीच्या ऐन मधोमध नको. भिंतीपासून साडेतीन-चार फुटांवर ठेवा. तोंड माइकला अगदी चिकटवलं तर एका दिशेचं ऐकणारा माइक स्वतःच आवाज जाड करतो. वीतभर अंतर पुरे. यंत्रावर 'लो कट'चं बटण असेल तर ते ८० किंवा १०० वर ठेवा. बाईच्या आवाजातलं त्याने फारसं काही जात नाही, विजेची घूंऽऽ थोडी कमी होते.

गाद्या-गोधड्या बाहेरचा ट्रॅक्टर मात्र अडवत नाहीत. त्याला जड भिंत आणि बंद फटी लागतात. ते होईपर्यंत वेळ साधायची. पंखा, फ्रिज बंद करा. वीज गेली की लोक चिडतात, पण रेकॉर्डर बॅटरीवर चालत असेल तर आमच्यासाठी तीच सगळ्यात शांत वेळ.

आणि रेकॉर्डिंग मोबाइलच्या स्पीकरवर तपासू नका. तो एवढासा स्पीकर जाड आवाज वाजवतच नाही, सगळं छान वाटतं. हेडफोन लावून ऐका, मगच केंद्राकडे पाठवा.