घर सोडण्याची नोटीस : मुलखागणिक वेगळा कायदा



या व्याख्यानमालेत आपण इतिहास, साहित्य आणि अध्यात्म यांवरील विद्वानांची भाषणे ऐकता. मी विद्वान नाही. कायद्याची पदवी माझ्यापाशी नाही. जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, लोकांनी आणलेले कागद वाचता वाचता शिकलो. त्या कागदांपैकी ज्याने माणसाच्या तोंडचे पाणी पळते तो कागद म्हणजे घरमालकाच्या वकिलाची नोटीस. आज तिच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असा विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. नोटीस आली म्हणजे घर गेले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. नोटीस ही कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीची गोष्ट आहे. कोर्टाचा अथवा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा हुकूम झाल्याखेरीज भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा अधिकार मालकाला नाही. कोणी दांडगाईने सामान बाहेर टाकलेच, तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत दावा लावून कब्जा परत मागता येतो. म्हणून नोटीस हाती पडताच बिऱ्हाड आवरू नये. तथापि ती उशीखाली ठेवून स्वस्थही बसू नये, कारण तिच्यातील दिवस मोजले जात असतात.

हे दिवस किती? याचे उत्तर आपण कोणत्या गावात राहता यावर अवलंबून आहे.

साऱ्या देशाचा मूळ नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये आहे. करारात निराळे काही ठरले नसेल, तर राहत्या घराची भाडेपट्टी महिन्या-महिन्याची मानावी आणि ती पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवावी, असे ते कलम सांगते. कारखान्यासाठी दिलेल्या जागेला मात्र सहा महिन्यांची नोटीस लागते. यंत्रांना सहा महिने आणि माणसांना पंधरा दिवस, हा हिशेब ऐकून आमचे कामगार नेहमी हसतात. पूर्वी हे पंधरा दिवस भाड्याच्या महिन्याच्या अखेरीसच संपावे लागत, आणि एका तारखेच्या चुकीने मालकाचा दावा फेटाळला जाई. २००२ च्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली.

पंधरा दिवसांत शहरात घर मिळत नाही, हे पहिल्या महायुद्धातच सरकारच्या ध्यानी आले. मुंबईत १९१८ साली युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, आणि पुढे निरनिराळ्या प्रांतांनी आपापल्या सोयीने असे कायदे केले. राज्यघटनेनेही घरमालक व भाडेकरू यांचे संबंध हा विषय राज्यांच्या यादीत घातला. त्यामुळे राज्याची वेस ओलांडली की नियम बदलतो.

आपल्या महाराष्ट्रात तर राज्य एक आणि कायदे तीन, अशी स्थिती जवळजवळ चाळीस वर्षे होती. १९६० साली राज्य एक झाले, पण मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा, विदर्भात मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा हुकूम, आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा, असे तिन्ही चालूच राहिले. पुण्याचा मालक थकबाकीची एक महिन्याची नोटीस देऊन दाव्याला मोकळा होई. नागपूरच्या मालकाला मात्र भाडेपट्टी संपविणारी नोटीस द्यावयाची तरी आधी भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी काढावी लागे. ती मिळाली की नोटीस, आणि नोटिशीनंतर दिवाणी दावा. म्हणजे एकाच राज्यातला एकाच धंद्यातला कामगार, पुण्यात असेल तर त्याची लढाई नोटिशीनंतर सुरू होई, नागपुरात असेल तर नोटिशीच्या आधीच.

हा भेद ३१ मार्च २००० रोजी संपला. त्या दिवशी महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. त्याच्या कलम १५ प्रमाणे थकलेल्या भाड्याची लेखी मागणी मिळाल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय त्या कारणावरून दावा लावता येत नाही. दावा लागला तरी आणखी एक संधी आहे. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सारी बाकी सालीना पंधरा टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरावी, पुढचे भाडे निकालापर्यंत नियमित भरीत राहावे, आणि कोर्ट ठरवील तो खर्च द्यावा. एवढे केले की थकबाकीसाठी घर जात नाही.

आता शेजारी पाहू. गोव्यात १९६८ चा कायदा आहे. तीन महिन्यांचे भाडे थकले आणि नोटीस मिळाल्यावर तीस दिवसांत भरले नाही, तर मालक घर मागू शकतो. मध्य प्रदेशात, म्हणजे आपल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना, १९६१ च्या कायद्याने दोन महिने मिळतात. दिल्लीच्या १९५८ च्या कायद्यातही दोनच महिने आहेत, पण महिना साडेतीन हजारांहून अधिक भाडे असलेल्या घरांना तो कायदा लागूच नाही. बंगालची रीत निराळी. तेथे १९९७ च्या कायद्याप्रमाणे दाव्यापूर्वी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते.

थकबाकीची नोटीस १ जूनला हाती पडली असे धरा. पणजीचा भाडेकरू जूनअखेरपर्यंत सुरक्षित, इंदूरचा जुलैअखेरपर्यंत आणि मुंबईचा ऑगस्टच्या शेवटापर्यंत. भाडे तेच, अडचण तीच, फरक केवळ गावाचा.

येथे दोन नोटिशींतला भेद ध्यानात घ्यावा. एक नोटीस भाड्याची मागणी करते, दुसरी भाडेपट्टी संपल्याचे कळविते. पूर्वी अनेक राज्यांत मालकाला ही दुसरी नोटीसही कलम १०६ प्रमाणे द्यावी लागे. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी धनपाल चेट्टियार खटल्यात ठरविले की, भाडेनियंत्रण कायद्याखाली घर मागताना कलम १०६ ची नोटीस आवश्यक नाही. राज्याच्या कायद्याने सांगितलेली नोटीस मात्र द्यावीच लागते. म्हणून वकिलाचा कागद आला की तो कशासाठी आहे ते आधी पाहावे. मालकाला स्वतःला राहावयास घर हवे असेल, तर नव्वद दिवसांत भाडे भरून तो प्रश्न सुटत नाही. तेथे मालकाची गरज खरी आहे काय आणि त्रास कोणाला अधिक होईल, हे कोर्ट तोलून पाहते. दिल्लीत अशा कारणाने हुकूम झाला तरी सहा महिने कब्जा घेता येत नाही.

हे सारे मी कामगारांच्या बाजूने का पाहतो, ते सांगतो. पगारदाराचे भाडे बहुधा थकते ते पगार बंद पडल्यामुळे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख लोकांचा पगार थांबला. त्या काळी मुंबईच्या कायद्यात नोटिशीची मुदत एक महिन्याची होती. भाडे सहा महिन्यांचे थकले, रकमेबद्दल वाद नसला आणि महिन्याभरात पैसे दिले नाहीत, तर कोर्टाला कब्जाचा हुकूम द्यावाच लागे. संप महिन्यात मिटत नसतो. नव्वद दिवसांचे मोल ज्याने टाळेबंदी पाहिली आहे त्याला विचारावे.

पण हे नव्वद दिवस आज सर्वांना मिळतात काय? काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या टाळेबंदीत दोघे जण एकाच संध्याकाळी आमच्या कचेरीत आले. एक पेठेतल्या जुन्या वाड्यातला भाडेकरू. त्याच्या हाती थकबाकीची नोटीस होती. त्याला आम्ही दिवस मोजून दिले आणि पतपेढीतून कर्ज काढून त्याने बाकी फेडली. दुसरा अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा. त्याची मुदत संपली होती. तो म्हणाला, “भाऊ, मला पण तीन महिने मिळतील ना?” मला नाही म्हणावे लागले. कायद्याच्या लेखी तो भाडेकरूच नव्हता. कलम २४ प्रमाणे मुदत संपताच जागा सोडावी लागते, न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई पडते, आणि सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स आल्यावर तीस दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही तर बोलण्याचा हक्कही जातो. दोघेही एकाच यंत्रावर पाळीपाळीने काम करीत होते.

शिवाय १९९९ चा कायदा त्याच्या परिशिष्टांत नावे असलेल्या गावांनाच लागू आहे. कारखाना शहराबाहेर गेला, कामगार त्यामागे खेड्यात राहावयास गेला, आणि ते गाव यादीत नसले, तर तो पुन्हा १८८२ च्या पंधरा दिवसांवर येतो. केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर केला, पण तो नमुनाच आहे. प्रत्येक राज्याने स्वतःचा कायदा केल्याखेरीज तो कोणाच्या घराला लागत नाही. तेव्हा ही विविधता इतक्यात संपेल असे दिसत नाही. आमची मागणी साधी आहे. माणूस भाडेकरू असो वा लायसन्सवाला, गाव यादीत असो वा नसो, पगार थांबलेल्या घराला सावरण्याएवढी मुदत सर्वत्र असावी.

ते होईपर्यंत काय करावे? टपालाने आलेली नोटीस परत पाठवू नये. नाकारलेली नोटीसही सामान्यतः मिळालीच असे कोर्ट धरते. पाकिटावर हाती आल्याची तारीख लिहून ठेवावी. भाडे पोचपावतीशिवाय देऊ नये, आणि मालक घेत नसेल तर पाठविल्याचा पुरावा जपावा. करार भाड्याचा की लायसन्सचा, हे सही करण्यापूर्वी वाचावे. आणि नोटीस आल्याच्या आठवड्यात जाणत्या माणसाला दाखवावी, शेवटच्या दिवशी नव्हे. आमच्या कचेरीचे दार संध्याकाळी उघडे असते. कागद घेऊन यावे, दिवस मोजून देऊ.